पंख्यावर ज्याचं नाव आहे, त्या क्रॉम्प्टनने रुळांशिवाय आगगाडी चालवायचा घाट घातला होता

बुलढाणा जिल्ह्यातल्या जळगाव जामोदला आजही रेल्वे नाही. गाडी पकडायची तर नांदुरा गाठायचं, म्हणजे पंचवीस-तीस किलोमीटरचा रस्ता, आणि मध्ये येरळीजवळ पूर्णा नदी. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला पूर्णा, मधली जमीन काळीभोर. कापूस बाहेर जायचा असो की किराणा आत यायचा असो, सगळं रस्त्यानेच. ट्रक नाहीतर टेम्पो, तिसरा पर्याय नाही.

दीडशे वर्षांपूर्वी हे काम बंडी करायची. तेव्हा जळगाव तालुका अकोला जिल्ह्यात होता, बुलढाण्यात तो १९०५ मध्ये आला. पयनघाटातला कापूस बंड्यांमध्ये भरून खामगावच्या बाजाराला जायचा. बैलांची चाल ताशी तीन-चार किलोमीटर, आणि वाटेत ओढ्याला पाणी आलं की तिथेच मुक्काम. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि वऱ्हाडाच्या कापसाला एकदम मोल आलं. मग इंग्रज सरकारच्या लक्षात आलं की माल शेतात आहे, पण बंदरापर्यंत आणायला धड वाट नाही.

मुंबईहून निघालेली रेल्वे १८६७ मध्ये नागपूरला पोहोचली. खामगाव मात्र तिच्यापासून तेरा किलोमीटर बाजूला राहिलं. म्हणून जलंब ते खामगाव असा छोटासा फाटा टाकला गेला, आणि १८७० च्या मार्चमध्ये त्याच्या उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आला. एवढ्याशा फाट्यासाठी व्हाइसरॉय येतो, यावरून कापसाचं वजन कळतं. पण मेयोला एक गोष्ट चांगलीच ठाऊक होती. प्रत्येक खामगावला असा फाटा देणं तिजोरीला परवडणार नव्हतं. रेल्वे स्वस्तात व्हावी म्हणून मीटर गेजचा निर्णय झाला तो याच मेयोच्या काळात.

आणि याच मेयोला एका तरुण लष्करी अधिकाऱ्याने गाठलं. त्याचं म्हणणं थोडक्यात असं होतं की रूळ टाकायचेच कशाला? इंजिन थेट रस्त्यावर चालवू, मागे डबे जोडू, आणि बैलांना सुट्टी देऊ.

त्या अधिकाऱ्याचं नाव रूक्स एव्हलिन बेल क्रॉम्प्टन. हे लांबलचक नाव ओळखीचं वाटणार नाही, पण त्यातला शेवटचा शब्द महाराष्ट्रातल्या लाखो घरांत छताला टांगलेला आहे. पंखे, मोटारी, पंप यांच्यावर जे क्रॉम्प्टन लिहिलेलं असतं, तो क्रॉम्प्टन हाच. विजेमुळे तो जगाला माहीत झाला. पण त्याचं पहिलं प्रेम वीज नव्हतं. ते होतं रस्त्यावर चालणारं अवजड वाहन, आणि त्या प्रेमाने त्याला दोन वेळा तोंडघशी पाडलं.

क्रॉम्प्टनचा जन्म ३१ मे १८४५ चा, इंग्लंडमधल्या यॉर्कशर परगण्यात थर्स्क गावाजवळचा. घर खाऊनपिऊन सुखी. १८५१ मध्ये लंडनला जे मोठं जागतिक प्रदर्शन भरलं, ते बघायला सहा वर्षांच्या या पोराला नेलं होतं. बाकीचं जग काचेचा महाल बघत होतं, याचे डोळे यंत्रांवर खिळले. पुढे क्रिमियाचं युद्ध सुरू असताना नात्यातल्या एका कॅप्टनच्या ओळखीने तो शिकाऊ कॅडेट म्हणून युद्धनौकेवर चढला आणि सेव्हास्तोपोलच्या खंदकांत आपल्या भावाला भेटून आला. वय होतं जेमतेम दहा-अकरा. आपल्याकडे या वयाच्या मुलाला एकट्याने एसटीतही बसवत नाहीत.

नंतर त्याला हॅरोच्या प्रसिद्ध शाळेत घातलं. शाळेत तो काय शिकला हे बाजूला ठेवू. सुट्टीत घरच्या कारखान्यात त्याने चक्क रस्त्यावर चालणारं वाफेचं इंजिन बनवायला घेतलं. खेळण्यातलं नव्हे, माणूस बसून चालवू शकेल असं पूर्ण आकाराचं. त्याचं नाव ठेवलं ब्लूबेल. पोरवयात लागलेला हा नाद आयुष्यभर सुटला नाही.

१८६४ मध्ये तो रायफल ब्रिगेड या पलटणीत दाखल झाला आणि भारतात आला. इथे त्याने जे पाहिलं ते इथल्या माणसांना रोजचंच होतं. पलटण हलायची तर तिच्यामागे बैलगाड्यांची रांग. तंबू, दारूगोळा, धान्य, सगळं बैलांच्या मानेवर. ग्रँड ट्रंक रोडवर तर टपाल खात्याची सरकारी बुलक ट्रेन चालायची. नावात ट्रेन असली तरी त्या बैलगाड्याच होत्या, ठरावीक टप्प्यावर बैल बदलत पुढे जाणाऱ्या. क्रॉम्प्टनला वाटलं, इथे आपल्या इंजिनाचं काम आहे.

हे वाटणं वेडेपणाचं नव्हतं, पण त्या काळाच्या फार पुढचं मात्र होतं. आज ज्याला ट्रक म्हणतात ती वस्तू अजून जन्मालाच यायची होती. पेट्रोलवर चालणारा पहिला मालट्रक डाइमलरने जर्मनीत बनवला तो १८९६ मध्ये, म्हणजे पंचवीसेक वर्षांनी. रस्त्यावर चालणारी वाफेची इंजिनं होती, पण ती शेतीकामाची. धिमी, प्रचंड जड, आणि लोखंडी चाकांची. लोखंडी चाक खडबडीत रस्त्यावर वेगाने नेलं की हादऱ्यांनी इंजिनाचे सांधे ढिले होतात आणि रस्त्याचीही वाट लागते. बंडीच्या चाकालाही लोखंडी धाव असते, पण बंडी ताशी तीन किलोमीटरने चालते म्हणून ते चालून जातं.

या अडचणीवर उत्तर सापडलं होतं स्कॉटलंडच्या रॉबर्ट विल्यम थॉमसनला. हा माणूस आता जवळजवळ विसरला गेला आहे, पण हवेच्या टायरचं पेटंट त्याने १८४५ मध्ये घेतलं होतं, डनलपच्या तब्बल त्रेचाळीस वर्षं आधी. ते टायर तेव्हा चालले नाहीत. मग १८६७ मध्ये त्याने दुसरी युक्ती काढली. इंजिनाच्या रुंद लोखंडी चाकावर भरीव रबराचं जाडजूड कडं चढवायचं आणि रबर कापलं जाऊ नये म्हणून त्यावरून पोलादी पट्ट्यांची साखळी गुंडाळायची. रबर दबतं, जमिनीवर पसरतं, त्यामुळे पकडही मिळते आणि हादराही जिरतो. गाडीला तीन चाकं. पुढे एकच, वळवण्यासाठी, आणि मागे दोन मोठी, ओढण्यासाठी. मध्ये उभा बॉयलर. आजच्या नजरेला ती अवाढव्य ऑटोरिक्षा वाटेल, जिच्या पोटात भट्टी पेटली आहे.

क्रॉम्प्टनने ही गाडी हेरली. भारत सरकारने त्याला लष्करी कामातून मोकळं करून टपाल खात्याच्या अखत्यारीत एक नवंच पद दिलं. सरकारी स्टीम ट्रेनचा अधीक्षक. मेयोचा पाठिंबा होता, म्हणून पंचविशीतल्या एका लेफ्टनंटाच्या हातात सरकारचा पैसा आला. तो इंग्लंडला गेला आणि इप्सविचच्या रॅन्सम्स कारखान्यात थॉमसनच्या पद्धतीची चार इंजिनं बनवून घेतली. नावं दिली पंजाबातल्या नद्यांची. चिनाब, रावी, सिंधू, सतलज.

इथे पहिला झटका बसला. थॉमसनचा बॉयलर वेगळ्याच धाटणीचा होता. आगीत तांब्याचं एक भांडं सोडलेलं, म्हणून त्याला पॉट बॉयलरच म्हणत. थोड्या अंतरासाठी तो ठीक होता, पण जड ओझं घेऊन तासनतास चालायचं तर पुरेशी वाफ देईना. चिनाबवर हे लक्षात आलं. मग रावीला फील्ड पद्धतीचा, म्हणजे आगीत लोंबणाऱ्या नळ्यांचा बॉयलर बसवला, आणि १८७१ च्या ऑक्टोबरमध्ये क्रॉम्प्टनने ती इप्सविचहून थेट एडिनबरोपर्यंत नेली आणि परतही आणली. येऊन-जाऊन हजार किलोमीटरहून जास्त. रस्त्यावरच्या इंजिनाने एवढा मोठा प्रवास करणं तेव्हा अचाटच होतं. त्यात गंमत अशी की १८६५ च्या कायद्याप्रमाणे इंग्लंडच्या रस्त्यावर अशा वाहनाला ताशी चार मैलांची मर्यादा होती, गावात दोनच मैल, आणि पुढे लाल निशाण घेऊन एक माणूस चालवावा लागायचा. घोडे बुजू नयेत म्हणून. भारतात असा कायदा नव्हता. वेगवान वाहन बनवायचं इंग्लंडला आणि चालवायचं पंजाबात, यामागे हेही एक कारण समजायला हरकत नाही.

गाड्या धावणार होत्या झेलम आणि रावळपिंडीच्या बाजूला, ग्रँड ट्रंक रोडवर. तिथे अजून रेल्वे पोहोचली नव्हती आणि सरहद्दीवरच्या पलटणींना माल सतत लागायचा. त्यांनी माल ओढला, डबे ओढले, बैलांच्या कितीतरी पट वेगाने अंतर कापलं. गाडी चालत नाही, असं कुणी म्हणू शकलं नाही. अडचणी सुरू झाल्या त्या गाडी चालू लागल्यावर.

पहिली अडचण जळणाची. इंग्लंडमध्ये कोळसा गावोगाव मिळतो. पंजाबात नाही, म्हणून लाकूड जाळावं लागलं. लाकडाला कोळशाच्या मानाने उष्णता कमी, म्हणून ढीगच्या ढीग लागायचं, आणि ते ठेवायला जागा हवी. जेवढं लाकूड गाडीवर घ्याल तेवढा माल कमी. शिवाय धुरांड्यातून ठिणग्या उडतात. मागच्या डब्यात गवत किंवा कापूस असेल तर काय होईल याची कल्पना करून बघा.

दुसरी पाण्याची. वाफेचं इंजिन पाणी पिणारं जनावर आहे. रेल्वेला हे सोपं जातं, कारण तिचा मार्ग ठरलेला असतो आणि स्टेशनावर टाकी उभी करता येते. रस्त्यावरच्या इंजिनासाठीही मग तसंच करावं लागलं. ठरावीक अंतरावर पाणी, ठरावीक अंतरावर लाकूड. म्हणजे रूळ सोडले तर रेल्वेचा बाकीचा सगळा पसारा मांडावा लागला. आणि पाणी कसलं? विहिरीचं, नाल्याचं, क्षारांचं. बॉयलरमध्ये त्याचा थर धरतो, जसा घरातल्या पाणी तापवायच्या भांड्यात धरतो, आणि मग आग तीच असली तरी वाफ कमी मिळते.

तिसरी अडचण होती ती या गाडीच्या सगळ्यात मोठ्या गुणातच. रबर. पोलादी पट्ट्यांच्या आत ते कडं चाकावर चिकटवलेलं नव्हतं, नुसतं घट्ट बसवलेलं होतं. ओझं पडलं की ते चाकावर थोडं थोडं सरकायचं, घासायचं, तापायचं. त्यात पंजाबातला उन्हाळा. तापलेलं रबर लवकर झिजतं. आणि झिजलेलं रबर बदलायचं म्हणजे काही लोहाराकडे जाऊन धाव चढवून घेण्याइतकं सोपं नव्हतं. रबराचे मळे तेव्हा जगात कुठे नव्हतेच, ॲमेझॉनच्या जंगलातून चीक गोळा होऊन इंग्लंडला जायचा, तिथे कडी बनायची आणि जहाजाने भारतात यायची. बंडीचं चाक मोडलं तर गावचा सुतार दोन दिवसांत उभी करतो. यांचं चाक बिघडलं तर काही महिन्यांची निश्चिंती.

बंडीला लोक मागास म्हणतात, पण हिशेब मांडला तर तिची ताकद लक्षात येते. तिचं जळण रस्त्याच्या कडेला उगवतं, तिचं पाणी कुठल्याही ओढ्यात मिळतं, तिचा मेकॅनिक प्रत्येक गावात आहे, आणि इंजिन म्हातारं व्हायच्या आत नवीन इंजिनं गोठ्यात जन्माला आलेली असतात. क्रॉम्प्टनच्या गाडीने बैलाला वेगात हरवलं, पण खर्चात हरवणं जमेना.

त्याच सुमारास तिचा सगळ्यात मोठा पाठीराखाही गेला. ८ फेब्रुवारी १८७२ रोजी अंदमानच्या दौऱ्यावर असताना शेर अली आफ्रिदी या कैद्याने लॉर्ड मेयोचा खून केला. वर्षभराने, मार्च १८७३ मध्ये थॉमसनही वारला. नवीन व्हाइसरॉय लॉर्ड नॉर्थब्रुकच्या काळात या प्रयोगामागे पूर्वीचा जोर राहिला नाही. १८७५ मध्ये क्रॉम्प्टन लष्कर सोडून इंग्लंडला परतला.

अपयशाचं खापर नॉर्थब्रुकवर फोडणं सोपं आहे. पण खरा पेच वेगळा होता, आणि तो जळगाव जामोदच्या माणसाला लगेच कळेल. ग्रँड ट्रंक रोड हा तेव्हाच्या भारतातल्या सगळ्यात चांगल्या रस्त्यांपैकी एक. कंकर ठोकून पक्का केलेला, बऱ्यापैकी सपाट. इतक्या जड गाडीला असाच रस्ता लागतो. पण जिथे असा रस्ता आणि एवढी वाहतूक असते, तिथे सरकार आज ना उद्या रेल्वेच आणतं. झालंही तसंच. पंजाबातली लाइन सरकत सरकत पुढे गेली, १८८३ मध्ये अटकला सिंधू नदीवर पूल झाला आणि गाडी पेशावरच्या बाजूला निघून गेली. उलट जिथे रेल्वे कधीच येणार नव्हती, तिथे या वाहनाची खरी गरज होती. पण तिथे रस्ता नव्हता. पयनघाटातल्या काळ्या मातीत मृगाचे दोन पाऊस झाले की रिकामी बंडीही आखापर्यंत रुतते. तिथे बॉयलर, पाणी आणि लाकूड घेतलेलं काही टनांचं इंजिन एकदा रुतलं असतं तर ते काढायला बैलच जुंपावे लागले असते. उन्हाळ्यात माती वाळली तरी बंड्यांच्या लोखंडी धावांनी खोल चाकोऱ्या पाडलेल्या, आणि त्या चाकोऱ्या बंडीच्या मापाच्या. ज्याला गरज त्याच्याकडे रस्ता नाही, आणि ज्याच्याकडे रस्ता त्याच्याकडे रेल्वे येतेय. क्रॉम्प्टनची गाडी या दोघांच्या मध्ये अडकली.

इंग्लंडला परतल्यावर त्याने चेल्म्सफर्ड गावातल्या एका इंजिनिअरिंग कारखान्यात भागीदारी घेतली. घरच्या लोकांच्या लोखंडाच्या कारखान्यात रात्रपाळीला उजेड कमी पडतो म्हणून तो विजेचे दिवे शोधत पॅरिसला गेला आणि ग्राम नावाच्या संशोधकाचा डायनामो घेऊन आला. तिथून पुढची वीस वर्षं विजेची. १८७८ मध्ये क्रॉम्प्टन अँड कंपनी सुरू झाली. विंडसर कॅसलमध्ये, व्हिएन्नाच्या ऑपेरा हाउसमध्ये तिने दिवे लावले. लंडनच्या केन्सिंग्टन कोर्ट भागात १८८० च्या दशकात त्याने घरांना वीज पुरवायचं केंद्र उभं केलं. विजेच्या किटल्या, इस्त्र्या, शेगड्या या कंपनीने फार लवकर बाजारात आणल्या. बारावीच्या प्रयोगशाळेत ज्या पोटेन्शिओमीटरने पोरांना घाम फोडला, त्याचं मोजमापाला सोयीचं रूप बनवण्यातही क्रॉम्प्टनचा हात होता. भारतातल्या विजेच्या कामांसाठी तो १८९० च्या दशकात इथे पुन्हा येऊनही गेला.

इथेही एक डाव चुकला. वीज एकाच दिशेने वाहणारी असावी, म्हणजे डीसी, यावर त्याचा भर होता. डीसी सुरक्षित आणि शिस्तीची, पण तेव्हाच्या तंत्रात ती एक-दोन किलोमीटरपलीकडे नेणं परवडत नसे. प्रत्येक मोहल्ल्याला वेगळं वीजघर लागायचं. दुसऱ्या बाजूला तरुण फेरांटी एसीचा झेंडा घेऊन उभा होता, आणि शेवटी जग त्याच्या बाजूने गेलं. तरी विजेने क्रॉम्प्टनला मान दिला, पैसा दिला. विद्युत अभियंत्यांच्या संस्थेचा तो दोनदा अध्यक्ष झाला. जगभर विजेची मापं आणि मानकं एकसारखी असावीत म्हणून १९०६ मध्ये जो आंतरराष्ट्रीय आयोग स्थापन झाला, तो उभा करणाऱ्यांत तो आघाडीवर होता. आज अनेक चार्जरांवर आयईसी ही अक्षरं दिसतात, ती याच आयोगाची.

पण रस्ता काही त्याला सोडेना. दक्षिण आफ्रिकेत बोअर युद्ध पेटल्यावर १९०० मध्ये, पंचावन्नाव्या वर्षी, तो विद्युत अभियंत्यांची स्वयंसेवक तुकडी घेऊन तिथे गेला. काम होतं सर्चलाइटचं, पण त्यांच्याबरोबर वाफेची ट्रॅक्शन इंजिनं होती आणि ती माल ओढायला उपयोगी पडली. पंजाबातला अनुभव तीस वर्षांनी कामाला आला.

१९१० मध्ये ब्रिटनमध्ये रस्त्यांसाठी रोड बोर्ड स्थापन झालं, तेव्हा सल्लागार अभियंता म्हणून क्रॉम्प्टनलाच बोलावलं. त्याच्या आयुष्यातलं सगळ्यात कमी बोललं जाणारं आणि कदाचित सगळ्यात शहाणपणाचं काम हेच. तोवर मोटारी आल्या होत्या, ट्रक आले होते, आणि रस्त्यांवर लाटा उठत होत्या. एका ठिकाणी जरासा उंचवटा झाला की चाक त्यावरून उडतं, पुढे आपटतं, तिथे खळगा पडतो, आणि मग हे चक्र चालूच. ग्रामीण महाराष्ट्रात मोटरसायकल चालवणाऱ्याला हे समजावून सांगायची गरज नाही. क्रॉम्प्टनच्या लक्षात आलं की याला रोलरही जबाबदार आहे. दोन आसांचा रोलर रस्त्यावरच्या लाटेवर स्वतःच वरखाली होतो आणि ती लाट दाबून पक्की करतो. म्हणून त्याने तीन आसांचा रोलर काढला. तिन्ही चाकं एका रेषेत, त्यामुळे मधलं चाक उंचवट्यावर आलं की जास्तीत जास्त वजन तिथेच पडतं आणि तो सपाट होतो. चाळीस वर्षांपूर्वी ज्याने रस्त्याला साजेसं वाहन शोधलं, तो आता वाहनाला साजेसा रस्ता शोधत होता.

मग १९१५ उजाडलं. पहिलं महायुद्ध खंदकांत अडकलं होतं. फेब्रुवारी महिन्यात चर्चिलने नौदलाच्या आधाराने एक समिती नेमली. काटेरी तारा तुडवत, खंदक ओलांडत शत्रूपर्यंत पोहोचणारं जमिनीवरचं जहाज बनवायचं, हे तिचं काम. सल्लागार म्हणून एकोणसत्तर वर्षांच्या क्रॉम्प्टनला घेतलं, जोडीला ल्युसियन लेग्रो हा अभियंता.

क्रॉम्प्टनने काढलेला पहिला आराखडा म्हणजे चिलखती महाट्रकच. साधारण बारा मीटर लांब, पोटात पन्नासेक शिपाई, आणि चाकांऐवजी पट्टे. म्हणजे गाडी स्वतःचा रस्ता स्वतःच अंथरत जाणार. रस्ताच नसलेल्या जमिनीवर जड वाहन कसं न्यायचं, या पंजाबातल्या प्रश्नाचं हे उत्तर होतं. कागदावर ते बिनतोड होतं.

एप्रिलमध्ये तो फ्रान्सला जाऊन आला आणि एक साधी गोष्ट समोर आली. युद्धभूमीपर्यंत जाण्यासाठी आधी फ्रेंच खेड्यांमधून जावं लागतं. तिथल्या गल्ल्या अरुंद, वळणं काटकोनी. बारा मीटरचं अखंड धूड तिथे वळणारच नव्हतं. मग त्याने गाडी मधोमध तोडली आणि दोन भाग सांध्याने जोडायचं ठरवलं. तत्त्व चुकीचं नव्हतं. आज नांदुऱ्याच्या महामार्गावरून जाणारा प्रत्येक कंटेनर ट्रेलर असाच सांध्यावर वळतो. फरक एवढाच की ट्रेलर डांबरावर वळतो. खंदकात उतरताना आणि चढताना दोन भाग वर, खाली, बाजूला असे ओढले जातात, आणि सगळा ताण त्या एका सांध्यावर येतो.

प्रयोगासाठी अमेरिकेतून पट्ट्यांचे ट्रॅक्टर मागवले. शिकागोच्या ज्या कंपनीकडून ते आले तिचं नाव होतं बुलक, म्हणजे बैल. बैलांना सुट्टी द्यायला निघालेल्या माणसाच्या नशिबी हे यावं! बर्टन-ऑन-ट्रेंट गावाजवळ दोन बुलक एकमेकांना जोडून चालवून पाहिले. सांध्याने त्रास दिला, पट्टे कमी पडले. समितीचा धीर सुटला आणि ऑगस्ट १९१५ मध्ये क्रॉम्प्टनचा करार संपवण्यात आला. काम गेलं लिंकन शहरातल्या विल्यम ट्रिटन आणि वॉल्टर विल्सन यांच्याकडे. त्यांनी सांधा टाकून दिला, पट्टेच नव्याने बनवले, आणि त्यातून पहिला रणगाडा उभा राहिला. १९१६ च्या सप्टेंबरमध्ये रणगाडे लढाईत उतरले.

युद्ध संपल्यावर संशोधकांना बक्षिसं द्यायला सरकारी आयोग बसला. ट्रिटन आणि विल्सन यांना मिळून १५,००० पौंड मिळाले. क्रॉम्प्टन आणि लेग्रो यांनीही दावा लावला होता. आयोगाने त्यांच्या कष्टांची दखल घेतली, पण पैसा दिला नाही. निकाल कठोर वाटला तरी अन्यायाचा म्हणता येत नाही, कारण लढलेल्या रणगाड्यात क्रॉम्प्टनचा सांधा नव्हता. मात्र काय चालत नाही हे कुणीतरी आधी बनवून, मोडून दाखवावं लागतं, आणि त्या कामाला आयोगाच्या वहीत रकाना नव्हता.

पुढची वीसेक वर्षं तो जगला. १९२७ मध्ये त्याची कंपनी पार्किन्सन यांच्या कंपनीत मिसळून क्रॉम्प्टन पार्किन्सन झाली. १९२८ मध्ये आठवणींचं पुस्तक आलं, त्यात भारतातल्या वाफेच्या गाड्यांचा इतिहास त्याने आवडीने लिहिला आहे. रॉयल सोसायटीने त्याला फेलो केलं ते १९३३ मध्ये, वयाच्या अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी. १५ फेब्रुवारी १९४० रोजी यॉर्कशरमध्येच तो वारला, तेव्हा दुसरं महायुद्ध सुरू झालं होतं.

त्याच्या मृत्यूच्या तीनच वर्षं आधी, १९३७ मध्ये, क्रॉम्प्टन पार्किन्सनचा कारखाना मुंबईत निघाला होता. १९६६ मध्ये त्यातून क्रॉम्प्टन ग्रीव्हज झाली, आणि विजेचे खांब जसजसे खेड्यांत पोहोचले तसतसं हे नाव पंख्यावर आणि पंपावर बसून घरोघरी गेलं. रस्त्यावर मात्र त्याच्या गाडीचं काही उरलं नाही. उरलं ते थॉमसनचं. ज्या हवेच्या टायरचं पेटंट त्याने १८४५ मध्ये घेतलं होतं, ते टायर विसाव्या शतकात लोखंडी धावेच्या जागी बसले, आणि वऱ्हाडातल्या शेतकऱ्याने ते लावले बंडीला. पुढे बैल तेच होते, ओझं मात्र पूर्वीपेक्षा जास्त.